आधी कोपर, मग खुर्ची: घरून संगणकावर काम सुरू करताना

पहिलं मोठं काम मी पलंगावर बसून केलं. साडेतीनशे पानांचं हस्तलिखित, मुदत पाच आठवडे. पाठीला लोड, मांडीवर लॅपटॉप, डावीकडे उशीवर कागदांचा गठ्ठा. काम वेळेत गेलं, पैसेही आले. सहाव्या आठवड्यात रात्री दोन-अडीचला उजवा हात बधिर होऊन जाग यायला लागली. हात झटकला की मुंग्या जायच्या आणि पुन्हा झोप लागायची. "हातावर झोपली असशील," घरातले म्हणाले, मीही तेच धरून चालले. एक दिवस भरलेला चहाचा कप हातातून निसटला, तेव्हा कुठे डॉक्टरांकडे गेले. पुढचे अडीच महिने एक ओळ टाइप केली नाही.

तेव्हापासून टायपिंग, डीटीपी, भाषांतर, मुद्रितशोधन असलं काही घरून सुरू करणारं कोणी विचारायला आलं, की मी आधी मोजायची टेप आणायला सांगते. शिवणाच्या डब्यातली चालते. येणारे मात्र खुर्चीचंच विचारतात. आठ हजारांची घेऊ की पंधरा? माझं उत्तर ठरलेलं आहे: पहिले पंधरा दिवस काहीही विकत घेऊ नका. महागडी खुर्ची चुकीच्या उंचीच्या टेबलाला लावली, तर दुखायचं ते दुखतंच.

टेप कुठे लावायची

रोज जिथे बसणार त्याच खुर्चीत बसा. पाठ टेकवा. खांदे एकदा मुद्दाम कानापर्यंत उचला आणि पडू द्या. जिथे पडतील तिथेच राहू देत. दंड बरगड्यांजवळ, कोपर साधारण काटकोनात. आता घरातल्या कोणाला तरी जमिनीपासून कोपराच्या टोकापर्यंतचं अंतर मोजायला सांगा. हा तुमचा आकडा. कीबोर्डच्या कळा या उंचीवर किंवा त्याहून अंगठाभर खाली हव्यात. बाकी सगळी मांडणी या एका आकड्याभोवती करायची.

माझंच उदाहरण देते. उंची पाच फूट एक इंच. डायनिंगच्या खुर्चीची सीट १८ इंचांवर, सीटपासून माझं कोपर ९ इंच. बेरीज २७. डायनिंग टेबल ३० इंच उंच, त्यावर कीबोर्डची जाडी. म्हणजे कळा माझ्या कोपराच्या तीन-चार इंच वर. मग हात तिथे पोचवायला मी एक तर खांदे उचलून धरणार, नाही तर कोपरं पंखांसारखी फाकवणार. मानेपासून खांद्यापर्यंत जाणारा स्नायू हे ओझं दिवसभर झेलतो आणि संध्याकाळी मान आखडते. बरेच जण तेव्हा उशी बदलतात!

टेबल कापता येत नाही. बहुतेकदा ते सासूबाईंचं तरी असतं नाही तर घरमालकाचं. म्हणून आपणच वर सरकायचं. खुर्चीवर घट्ट गादी किंवा सतरंजीच्या घड्या टाका. मऊ उशी नको, ती बसल्यावर पापडासारखी होते. बसल्यानंतर दबून किती जाडी उरते ती मोजा, तीच खरी.

आता वर सरकल्यामुळे तुमचे पाय लोंबकळायला लागले असतील. मांडीच्या मागे सीटची कड रुतते, पायांना मुंग्या येतात, आणि माणूस नकळत पुढे घसरून खुर्चीच्या टोकावर बसतो. पाठ मग टेकतच नाही. त्यामुळे जितके इंच वर गेलात, त्या हिशेबाने पायाखाली आधार हवा. माझ्या पायाखाली दोन विटा आणि त्यावर पाट होता. सुतळीने करकचून बांधलेला रद्दीचा गठ्ठाही उत्तम. नुसते दोन पाट एकावर एक ठेवू नका, ते घसरतात. पूर्ण तळवा टेकला पाहिजे, गुडघा साधारण काटकोनात हवा, आणि सीटची कड व पोटरी यांच्यात दोन-तीन बोटं जातील एवढी फट हवी.

कोणाच्या घरी जुनं संगणकाचं टेबल असेल, खाली सरकतं फळकूट असलेलं, तर नाक मुरडू नका. कीबोर्डसाठी त्या फळकुटाची उंची बुटक्या माणसाला डायनिंग टेबलापेक्षा पुष्कळ बरी असते. गोम एवढीच की त्यावर कीबोर्ड मावतो आणि माउस वर टेबलावर राहतो. मग उजवा हात दिवसभर वर-खाली. माउसही खालीच हवा. जागा नसेल तर छोटा कीबोर्ड घ्या.

पाठीबद्दल थोडक्यात. टायपिंग क्लासमध्ये "ताठ बसा" म्हणून ओरडा खाल्लेला असतो. ताठ बसा, पण खांबासारखं नाही. किंचित मागे रेलून बसणं कमरेला सोपं जातं. कमरेत जिथे आतला बाक आहे, तिथे टॉवेलची गुंडाळी ठेवा, पट्टा बांधतो त्या रेषेत किंवा थोडी वर. मनगटाएवढी जाड पुरते. तासाभराने ती खाली घसरलेली सापडेल. दोन्ही टोकांना नाडी लावून खुर्चीला बांधून टाका.

लॅपटॉपची अडचण

लॅपटॉप मुळात कुठेही नेऊन तासभर वापरायची वस्तू. आठ तासांच्या कामाला तिच्यात एक मूळचाच दोष आहे: पडदा आणि कीबोर्ड जोडलेले आहेत. हातांना सोयीचा ठेवला तर मान खाली, डोळ्यांना सोयीचा ठेवला तर हात वर. कितीही पवित्रे बदला, दोन्ही एकदम साधत नाहीत. म्हणून पंधरा दिवसांनी पहिला खर्च करायचा तो खुर्चीवर नाही, वेगळ्या कीबोर्डवर आणि माउसवर. हजार-बाराशे रुपयांत दोन्ही येतात.

मग लॅपटॉप उचलून घ्या. माझ्याकडे त्याखाली जुन्या दिवाळी अंकांची चळत होती, आणि आठ-दहा अंकांनी उंची बरोबर जमली. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली हवी, म्हणजे मजकूर वाचताना नजर खाली उतरते पण मान वाकत नाही. अंतर हातभर: खुर्चीला टेकून हात पुढे केला की बोटांची टोकं पडद्याला लागावीत. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. पाच किलो पिठाची पिशवी छातीशी धरून बघा, आणि मग तीच हात लांब करून धरून बघा. डोकं पुढे काढून बसल्यावर मानेचं हेच होतं.

मराठीत काम करणाऱ्यांना डोकं पुढे काढायची एक जादा सवय लागते. इंग्रजी मजकूर बारीक असला तरी वाचता येतो. आपल्याकडे अनुस्वार, रफार, ऱ्हस्व-दीर्घ उकार हे सगळं अक्षराच्या वर-खाली चिकटलेलं. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत फरक शोधायचा तर नाक पडद्याला लागतं. यावर उपाय फुकट आहे: कंट्रोल दाबून धरा आणि माउसचं चाक फिरवा. मजकूर दीडशे टक्के करा, मुद्रितशोधनाला दोनशेही चालेल. पानाची कड दिसेनाशी झाली तरी बिघडत नाही. माझी एक मैत्रीण याला म्हातारपणाचं लक्षण समजत असे. तिच्या शुद्धलेखनाच्या चुका कमी झाल्यावर तिचं मत बदललं.

हस्तलिखितावरून टाइप करत असाल तर कागद टेबलावर आडवे ठेवू नका. दर ओळीला मान खाली आणि बाजूला, अशा पानात तीस-चाळीस फेऱ्या होतात. पोथी वाचायचं लाकडी घडीचं स्टँड घरात असेल तर ते कीबोर्ड आणि पडद्याच्या मधे ठेवा, उभ्या उताराचं. मान मग फक्त वर-खाली होते, तीही थोडी.

बोटं, मनगट, माउस

कीबोर्डच्या मागच्या बाजूला दोन छोटे पाय असतात, ते उघडायचा मोह सगळ्यांना होतो. मिटूनच ठेवा. उघडले की कळांची मागची ओळ वर जाते आणि मनगट मागे मोडतं. हाताची पाठ आणि मनगट एका सरळ रेषेत हवं, वर-खाली नाही तसंच करंगळीकडे झुकलेलंही नाही. टाइप करताना मनगट टेबलाला टेकवून ठेवू नका. हात किंचित तरंगता ठेवा आणि थांबाल तेव्हा टेकवा. टेबलाची कड धारदार असेल तर तिच्यावर टॉवेलची घडी टाका. कोपर कडेवर टेकवून बसण्याची सवय असेल तर ती मोडाच, कोपरामागून जाणारी नस तिथे चेपते आणि करंगळीला मुंग्या येतात.

इन्स्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेल्या कळांच्या मांडणीवर, टाइप करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. या मांडणीत स्वर आणि मात्रा डावीकडे, व्यंजनं बहुतेक उजवीकडे. जोडाक्षरासाठी लागणारा हलन्त (अक्षराचा पाय मोडणारं चिन्ह) डाव्या हाताच्या मधल्या बोटाखाली. त्यामुळे डाव्या हाताला आपल्या भाषेत भरपूर काम पडतं, आणि नवख्याला आधी तोच हात दुखतो. घाबरू नका, पण वेग वाढवायच्या नादात कळा आपटू नका. दुसरी गोष्ट शिफ्टची. उजवीकडचं अक्षर शिफ्टने काढायचं तर डावी शिफ्ट दाबायची, डावीकडचं असेल तर उजवी. 'क्ष' सातच्या कळीवर आहे, म्हणजे शिफ्ट डावी. एकाच हाताने करंगळीने शिफ्ट आणि दुसऱ्या बोटाने अक्षर असं जे ताणतात, त्यांची करंगळीकडची बाजू महिन्याभरात ओरडायला लागते. क्लासमधून मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा देऊन आलेल्यांना हे शिकवलेलं असतं. मोबाइलवर मराठी शिकून थेट संगणकावर आलेल्यांना कोणी सांगितलेलंच नसतं.

माउस हा खांद्याचा शत्रू. कीबोर्डच्या उजवीकडे आकड्यांची पट्टी असते, त्यापलीकडे माउस, म्हणून हात सतत बाहेर फाकलेला. आकडे फारसे लागत नसतील तर ती पट्टी नसलेला कीबोर्ड घ्या, माउस चार इंच जवळ येतो. किंवा माउस डावीकडे न्या. पहिले चार दिवस आपण अगदी बावळट वाटतो, नंतर हात आपोआप शिकतो. विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल करता येते. पडद्यावरच्या बाणाचा वेग वाढवून ठेवा, म्हणजे हात कमी फिरतो. आणि कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही, कंट्रोल-झेड, कंट्रोल-एस एवढं तरी बोटांत बसवा.

जमिनीवर बसणाऱ्यांसाठी

टेबलच नसेल तर? पूर्वी पेढीवरचे मुनीम मांडी घालून उतरत्या डेस्कावर दिवसभर लिहीत, मग आपल्याला काय झालं, असं विचारणारे भेटतात. त्यांचा कागद उतारावर होता आणि हातात एक टाक. पडदा आणि कीबोर्ड हे वेगळं प्रकरण आहे. तरी जमतं. भिंतीला पाठ टेकवा, बुडाखाली तीन-चार इंच जाड घट्ट गादी घ्या म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतात आणि पाठ गोल होत नाही. लॅपटॉप चौरंगावर, त्याखाली दिवाळी अंक. वेगळा कीबोर्ड मांडीवर पाट घेऊन त्यावर. अर्ध्या तासाने उठा, मांडी बदला, पाय लांब करा. पलंग मात्र नाही. पलंगाच्या बाजूने बोलणारं मला आजवर कोणी सापडलेलं नाही, मी स्वतः धरून.

डोळे

खिडकी बाजूला हवी, समोर नको आणि पाठीमागेही नको. समोर असली की डोळे उजेडाशी भांडतात, मागे असली की पडद्यात खिडकीच दिसते. पडद्याचा उजेड किती ठेवायचा याचा सोपा ताळा: पांढरं पान उघडा, शेजारी कोरा कागद धरा. पडदा दिव्यासारखा चमकत असेल तर कमी करा, मळका दिसत असेल तर वाढवा. दुपारी आणि रात्री हे वेगळं येणार.

पडद्याकडे बघताना माणूस पापण्या लवायचा विसरतो आणि डोळे कोरडे पडतात. आपल्याकडे वर पंखा गरगरत असतो, काहींच्या थेट तोंडावर एसी. जागा दोन फूट सरकवून चुरचुर निम्मी झालेली मी पाहिली आहे. वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायचं हा नियम तुम्ही ऐकला असेल. वीस फूट म्हणजे समोरच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, तेवढं पुरे.

चाळिशी लागलेल्यांनी एक काम जरूर करावं. वाचायचा चष्मा पुस्तकाच्या अंतरासाठी असतो, पडदा त्याहून लांब. दुहेरी काचांच्या चष्म्यात खालच्या काचेतून पडदा वाचायला माणूस हनुवटी वर करतो आणि मान मागे मोडते. डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचं अंतर टेपने मोजून तो आकडा चष्मा करताना सांगा; संगणकापुरता वेगळा चष्मा करून देतात. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांसाठी मात्र जादा पैसे देऊ नका. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली १७ चाचण्यांचा आढावा घेतला, त्यात या काचांनी डोळ्यांचा थकवा कमी होतो असं काही दिसलं नाही.

उठायचं कसं

मांडणी कितीही नेमकी केली तरी तीच बैठक तीन तास धरली तर अंग धरणारच. अर्ध्या तासाने उठायचं, मिनिटभरासाठी का होईना. मोबाइलचा गजर लावून बघितला, तो बंद करायची सवय लागते. मला उपयोगी पडलं ते फुलपात्र. लिटरची बाटली शेजारी ठेवली की दुपारपर्यंत उठायचं कारणच उरत नाही. फुलपात्रात चार घोट मावतात, मग माठापर्यंत जावंच लागतं. जाता-येता खांदे मागे फिरवा, मुठी उघड-मीट करा, हनुवटी मागे ओढून पाच आकडे मोजा. फोन आला की उभं राहून बोला, आणि फोन खांद्यात दाबून टाइप करणं बंद.

नवीन असाल तर पहिल्या आठवड्यात तीन-चार तासांवर जाऊ नका. शब्दावर पैसे मिळतात तिथे हे ऐकायला कोणी तयार नसतं, मीही नव्हते. बर्नार्दिनो रामाझ्झिनी या इटालियन डॉक्टरने १७१३ साली लेखनिकांच्या दुखण्यांची तीन कारणं लिहून ठेवली: सततची बैठक, हाताची तीच ती हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण. तिसरं कारण मला उशिरा कळलं. मुदत जवळ आली की माझे खांदे आपोआप वर जातात आणि कळांवरचा जोर वाढतो. काम घेतानाच मुदतीत चार दिवस जास्तीचे मागून घ्या. निम्म्या वेळा मिळतात. कच्चा खर्डा काढायला गूगल डॉक्समधलं बोलून टाइप करण्याचं साधनही मराठी ऐकतं. विरामचिन्हं हातानेच घालावी लागतात, पण बोटांना तेवढा दिलासा.

दुखायला लागलं तर

नवीन मांडणीत पहिले काही दिवस पाठ किंवा मांड्या भरून येणं, आणि रात्रीच्या झोपेने ते जाणं, यात काळजीसारखं काही नाही. पुढच्या गोष्टी वेगळ्या. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू यांना मुंग्या किंवा बधिरता, विशेषतः रात्री: मनगटातल्या बोगद्यातून जाणारी नस दाबली जात असल्याची ही खूण असू शकते. मधुमेह, थायरॉइडचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर शक्यता जास्त. करंगळीला मुंग्या येत असतील तर आधी कोपर कुठे टेकवता ते बघा. हातातून वस्तू निसटणं, बरणीचं झाकण उघडता न येणं, मानेतून हातात उतरणारी कळ, यातलं काहीही असलं तर थांबू नका, हाडांच्या डॉक्टरांकडे जा. मलम चोळून, गोळी घेऊन मुदत गाठायची आणि मग बघू, हा मार्ग मी चालून आले आहे. त्याची किंमत अडीच महिने पडली. दुकानातून पट्टा आणून तो बांधून टाइप करणंही नको. पट्टा मनगट धरून ठेवतो, आपण त्याच्याविरुद्ध जोर लावतो. डॉक्टर बहुधा तो रात्री झोपताना बांधायला सांगतात.

जाताना दोन गोष्टी बरोबर न्या. एक, आठवडाभराची नोंद: किती तास काम, कुठे दुखलं, किती वाजता. दुसरी, तुम्ही कामाला बसलेले असतानाचा एका बाजूने काढलेला फोटो. तो संध्याकाळी सहानंतर, तुम्हाला न सांगता काढायला घरच्यांना सांगून ठेवा. सांगून काढलेल्या फोटोत सगळेच छान ताठ बसतात.